जांब की पेरू? : मेंदूतील गाठ, भाषा आणि मराठवाडा

माझे मामा उदगीरजवळच्या एका खेड्यातले. निजामाच्या राजवटीत त्यांचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. पुढे तहसिलीत पेशकार म्हणून लागले आणि पोलीस ॲक्शननंतर कारभाराची भाषा बदलली तसे मराठीत मिसली लिहू लागले. घरात मराठी, बाजारात थोडी कानडी, जुन्या सोबत्यांशी दखनी. हे आमच्या भागात कुणाला विशेष वाटत नसे. १९८० च्या आसपास त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली आणि हैदराबादला एका इस्पितळात ऑपरेशन झाले. पूर्ण भूल देऊन झाले, तेव्हा तसेच होत असे. गाठ निघाली, मामा वाचले. आठव्या-नवव्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरांनी दखनीत विचारले, 'कैसा है?' मामांनी दखनीतच उत्तर दिले. बोट दाखवून विचारलेल्या दोन-चार वस्तूंची नावेही सांगितली. वाचा ठीक असल्याची नोंद कागदावर झाली.

घरी आल्यावर कळले की मराठी गेली होती. सगळी नव्हे. आम्ही बोललेले त्यांना समजायचे, हरिपाठ लावला की ओळींमागून ओळी यायच्या, पण स्वतःहून मराठी वाक्य जुळवता येत नव्हते. माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, ते जन्मभर 'आक्का' म्हणत आले होते. आता ते तिला 'आपा' म्हणू लागले. आई तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायची. शेजारच्या काही जणांना ऑपरेशननंतर माणूस बाटल्यासारखा वाटला आणि तसे बोलूनही दाखवले गेले. डॉक्टरांचा दोष म्हणावा तर त्यांनी भाषा तपासली होती. मामांच्या भाषांपैकी एक.

हा लेख मामांवर नाही. मेंदूवर शस्त्र चालवताना माणसाची भाषा कशी राखायची, हा प्रश्न कुठून आला आणि कसा सुटत गेला, याचा शोध मी त्यांच्यामुळे घेतला. त्या शोधात पॅरिस आणि माँट्रियल लागले ते अपेक्षितच होते. हैदराबाद लागेल असे वाटले नव्हते.

पॅरिसची हकीकत अनेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. बिसेत्र इस्पितळात लबोर्न्य नावाचा रुग्ण वीस वर्षांहून अधिक काळ होता. काहीही विचारले तरी तो 'तान' एवढेच म्हणे, म्हणून त्याला नावही तेच पडले. १७ एप्रिल १८६१ रोजी तो वारला. पॉल ब्रोका या शल्यविशारदाने दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू मानवशास्त्राच्या सभेपुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, इजा दिसत होती. काही महिन्यांनी लेलाँ नावाचा म्हातारा आला. त्याच्याजवळ जेमतेम पाच शब्द उरले होते आणि त्यातला एक त्याचेच मोडके नाव होता. त्याच्याही मेंदूत इजा तिथेच. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने कानामागच्या भागाकडे लक्ष वेधले. तिथे इजा झाली तर माणूस भडाभडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ राहत नाही आणि ऐकलेलेही उमगत नाही. या दोन नावांनी पुढे शंभर वर्षे सर्जनांना भिववले. डावीकडच्या त्या पट्ट्यात गाठ असेल तर हात लावायचा नाही, असा जणू नियमच पडला.

भीतीपायी कितीजणांच्या गाठी तशाच राहिल्या असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आता भुलीकडे वळू. जागेपणी ऑपरेशन करायचे म्हणजे आधी भूल या गोष्टीवर माणसाचा ताबा हवा. एकोणिसाव्या शतकात तो नव्हता. क्लोरोफॉर्मने माणसे टेबलावर दगावत. श्वास आधी बंद पडतो की हृदय, यावरून युरोपातील डॉक्टरांत कडाक्याचे वाद चालत. या वादाची एक मोठी फेरी आपल्या निजामाच्या राजधानीत झाली. एडवर्ड लॉरी हा हैदराबादचा रेसिडेन्सी सर्जन. तिथल्या वैद्यकशाळेचा तो प्रमुखही होता. ही शाळा १८४६ मध्ये निघाली आणि आरंभी तिथे वैद्यक उर्दूतून शिकवत. लॉरीचे ठाम मत असे की श्वासावर लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, नाडी पाहत बसण्याचे कारण नाही. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिला 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसला. त्याच्या निष्कर्षावर 'लॅन्सेट'ने शंका घेतल्यावर सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानांनी, पैसा पुरवला आणि १८८९ मध्ये दुसरा बसला. लंडनहून लॉडर ब्रंटन आला. शेकडो कुत्र्यांवर आणि काही माकडांवर प्रयोग झाले. ब्रंटन येताना लॉरीच्या विरोधात होता, पण प्रयोगांनंतर त्याच्या बाजूचा झाला. या कामात रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई होत्या. लॉरीच्याच शाळेत त्या शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

गंमत अशी की लॉरी चुकला होता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही याने दाखवले की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवू शकतो. तरीही हैदराबादचे प्रयोग वाया गेले असे मला वाटत नाही. भूल देणाऱ्याने श्वासावरची नजर क्षणभरही हलवायची नाही, ही शिस्त त्या काळात तिथे अंगवळणी पडत होती. आज जागेपणीच्या ऑपरेशनात भूलतज्ज्ञाची खरी कसोटी हीच असते, कारण घशात नळी नसलेला रुग्ण मध्येच झोपतो, मध्येच उठतो. नांदेड तेव्हा या संस्थानातला जिल्हा होता. लातूर त्याच संस्थानातले बाजाराचे गाव. आपल्या पणजोबांच्या सरकारने भुलीच्या शास्त्रावर पैसा खर्चला, हे आपल्या शाळांत मात्र कुणी सांगितले नाही.

कवटी उघडली तरी मेंदूला स्वतःला दुखत नाही. कातडी, हाडावरचे आवरण, मेंदूवरचे जाड आवरण दुखते, म्हणून ते बधिर केले की पुरते. या सोयीचा फायदा हार्वे कुशिंगने १९०९ मध्ये घेतला. दोन जाग्या रुग्णांच्या मेंदूला त्याने विजेचा हलका स्पर्श केला आणि त्यांनी हाताला काय जाणवते ते सांगितले. जर्मनीत ब्रेस्लाऊ इथे ओटफ्रिड फोर्स्टर हे तंत्र नेमाने वापरत होता. १९२८ मध्ये त्याच्याकडे शिकायला एक अमेरिकी तरुण गेला. त्याचे नाव वाइल्डर पेनफिल्ड.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेनफिल्डला माँट्रियलमध्ये आपल्या थोरल्या बहिणीचे, रूथचे, ऑपरेशन करावे लागले. गाठ उजव्या बाजूला, कपाळामागे होती. जागेपणीच ते झाले. भावाने बहिणीच्या मेंदूचा मोठा भाग काढला आणि तरी गाठ पूर्ण निघाली नाही. रूथ घरी गेली, बोलू-चालू लागली. पुढे पेनफिल्डने तिच्याविषयी, नाव न देता, वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पाहुणा आणि घरची चार माणसे यांच्यासाठी साधे जेवण करायचे होते. हातात आख्खा दिवस होता. वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी, सगळा शिधा समोर, एक-दोन भांडी चुलीवर आणि बाकी कशालाच हात लागलेला नाही. दमून, गोंधळून ती तशीच उभी होती. बोलणे शाबूत होते, शहाणपण शाबूत होते, पण पुढचे पाऊल कोणते ते सुचत नव्हते. सुमारे तीन वर्षांनी ती गेली. हे वाचताना मला मामींची आठवण झाली. घरात काय हरवले हे पहिल्यांदा स्वयंपाकघरातच कळते.

१९३४ मध्ये पेनफिल्डच्या पुढाकाराने माँट्रियलची मेंदूविज्ञान संस्था उभी राहिली. तिथे फिटांच्या रुग्णांवर त्याने शेकडो जागी ऑपरेशने केली. विजेचे टोक जिथे लागून काही घडे, तिथे तो अंक लिहिलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवी. १९५९ मध्ये लामार रॉबर्ट्ससह त्याने वाचा आणि मेंदू यांवर जे पुस्तक लिहिले, त्यातला एक रुग्ण मी विसरू शकत नाही. त्याला फुलपाखराचे चित्र दाखवले आणि त्याच वेळी मेंदूला विजेचा स्पर्श केला. तो गप्प. बोटांनी चुटकी वाजवून वैताग दाखवला. वीज बंद झाल्यावर म्हणाला की आता बोलता येते. 'फुलपाखरू' हा शब्द सापडत नव्हता म्हणून मी 'पतंग' शोधून पाहिला, तोही सापडेना. म्हणजे समोर काय आहे हे त्याला कळत होते, शेजारचा शब्द शोधण्याची युक्तीही चालू होती, बंद होते ते फक्त शब्दाचे दार. मामांच्या डोळ्यांत मी हेच वर्षानुवर्षे पाहिले होते.

भारतात ही विद्या फार उशिरा आली असे नाही. जेकब चँडी माँट्रियलला पेनफिल्डच्या संस्थेत शिकून आले आणि १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरला देशातला पहिला मेंदू-शल्यविभाग सुरू केला. पण वेल्लोर आमच्यापासून फार दूर होते.

पेनफिल्डच्या नकाशाला खरी धार आली ती सिॲटलच्या जॉर्ज ओजेमनमुळे. १९८९ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी ११७ रुग्णांची मोजमापे छापली. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात भाषेची जागा ऐसपैस रंगवलेली असते. प्रत्यक्षात एकेका माणसात ती दीड-दोन सेंटिमीटरच्या ठिपक्यांत असते आणि ठिपके कुठे पडतील ते माणसागणिक बदलते. म्हणजे ब्रोकाच्या जागेला भिऊन काही उपयोग नाही आणि दुसऱ्या जागेवर विसंबूनही नाही. ज्याचा मेंदू, त्यालाच विचारले पाहिजे.

आज हे कसे करतात? डोक्याच्या कातडीच्या नसा सुईने बधिर करतात. रुग्णाला सुरुवातीला गुंगी देतात, कवटी उघडली की उठवतात. सर्जनच्या हातात दोन टोकांची चिमट्यासारखी दांडी असते, टोकांमध्ये सुमारे ५ मिलिमीटर अंतर. त्यातून सेकंदाला ६० स्पंदनांची १ ते ६ मिलिअँपिअर वीज काही सेकंद सोडतात. समोरच्या पडद्यावर चित्रे सरकत असतात आणि रुग्ण नावे सांगत असतो. वीज लागली की तो ठिपका काही क्षण काम सोडतो. तिथे नाव अडले, पुन्हा तपासल्यावर पुन्हा अडले, तर ती जागा राखायची. मध्ये फीट आली तर मेंदूवर थंड सलाइन सोडतात. वरच्या सालीखाली तंतूंच्या जुड्या असतात. तिथे विजेने वेगळ्याच चुका होतात. आंबा दाखवला आणि रुग्ण 'चिंच' म्हणाला तर अर्थाच्या वाटेला धक्का लागला. 'आंता' म्हणाला तर उच्चाराच्या. सर्जन पुढे किती जायचे ते या चुकांवरून ठरवतो.

२००८ मध्ये मिचेल बर्गर यांच्या गटाने २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतर भाषेचे नवे व्यंग उरलेले रुग्ण १.६ टक्के होते. २०१२ मध्ये ८,०९१ रुग्णांवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. विजेने तपासून केलेल्या ऑपरेशनांत दीर्घकाळ टिकणारे गंभीर व्यंग ३.४ टक्के आणि न तपासता केलेल्यांत ८.२ टक्के निघाले. फ्रान्समध्ये माँपेलिए इथल्या ह्यूग द्यूफो यांनी दाखवले की सावकाश वाढणाऱ्या गाठीपुढे मेंदू आपले काम हळूहळू शेजारी हलवतो, म्हणून एके काळी 'हात लावू नये' म्हटलेल्या जागांवरही आता शस्त्र चालते. आपल्याकडे वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते की अमक्याने ऑपरेशन चालू असताना गिटार वाजवली. २०१७ मध्ये बंगळुरूची तशी बातमी गाजली. ते गाठीचे ऑपरेशन नव्हते, वादकाची बोटे आखडण्याच्या विकाराचे होते. पण लोकांना चमत्कार हवा असतो, चित्रांची नावे सांगणारा शेतकरी बातमीत बसत नाही.

आता मुद्दा आमच्या भागाचा. ज्याचा मेंदू त्यालाच विचारायचे, हे ठरले. कोणत्या भाषेत विचारायचे?

१९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर बीदर जिल्ह्यात होते आणि मुधोळ-भैंसा नांदेड जिल्ह्यात. भाषावार रेषा ओढल्या गेल्या, पण माणसांच्या तोंडातल्या भाषा रेषेपाशी थांबल्या नाहीत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, निलंगा-उदगीरकडे कानडी, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यातांड्यावर बंजारा, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवती पंजाबी आणि सगळीकडे दखनी. हैदराबादच्या दखनीतला 'नक्को' आमचाच आहे. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्यात जन्मले. फारसी, उर्दू, मराठी तर होत्याच, नोकरीत आदिलाबादकडे गेले तेव्हा गोंडीही शिकले आणि तिचे व्याकरण लिहिले. पगडींच्या मेंदूपुढे चित्र धरले असते तर त्यांनी कोणत्या भाषेत नाव सांगायचे होते?

हा प्रश्न शास्त्रातही जुना आहे. थेओद्यूल रिबो याने १८८१ मध्ये म्हटले की आधी शिकलेले शेवटी जाते. आल्बेर पित्र याने १८९५ मध्ये म्हटले की जी भाषा सर्वांत सवयीची ती आधी परतते. ओजेमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दोन द्विभाषी रुग्णांचे मेंदू तपासले. काही ठिपके दोन्ही भाषांचे सामाईक निघाले, काही एकट्या पहिलीचे, काही एकट्या दुसरीचे. पुढच्या अभ्यासांनीही तसेच दाखवले. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. एका भाषेत तपासून राखलेली जागा दुसरी भाषा राखेलच असे नाही.

आणि कोणत्या भाषेत तपासणी होणार, हे आमच्याकडे बऱ्याचदा रेल्वेने ठरवले आहे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग नांदेडवरून गेला. तेव्हापासून नांदेडचा मोठा आजारी हैदराबादची वाट धरतो. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोचली, ती कुर्डुवाडीला जोडणारी, म्हणून लातूरकर सोलापूर, पुणे, मुंबईकडे गेला. आज लातूर आणि नांदेड दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तरी मेंदूच्या अवघड गाठींसाठी माणसे बहुधा त्याच जुन्या वाटांनी जातात. एका वाटेच्या टोकाला तेलुगू-उर्दू बोलणारा तपासनीस भेटतो, दुसरीच्या टोकाला पुण्या-मुंबईची मराठी बोलणारा.

दुसऱ्यातही गोम आहे. पुण्याच्या माणसाने पेरूचे चित्र दाखवले की आमचा माणूस 'जांब' म्हणणार. विळ्याला 'इळा' म्हणणार, बटाट्याला 'आलू'. तपासनीसाला हे माहीत नसेल तर निरोगी उत्तर चूक म्हणून धरले जाईल, किंवा उलट खरी चूक बोलीच्या नावावर खपून जाईल. म्हणून नीट काम करणारे आदल्या दिवशीच रुग्णाला सगळी चित्रे दाखवतात, तो म्हणेल तेच नाव लिहून घेतात आणि ज्याला नाव सुचत नाही ते चित्र काढून टाकतात. बोस्टनच्या प्रसिद्ध ६० चित्रांच्या चाचणीत बीव्हर आणि प्रेट्झेल आहेत. ती घेऊन औशाच्या शेतकऱ्याकडे गेलात तर तो बिचारा गाठ नसतानाही नापास होईल.

मराठीची आणखी एक अडचण आहे आणि मला ती अडचणीपेक्षा सोय वाटते. जागेपणीच्या तपासणीत नुसते नाव सांगायला लावत नाहीत, 'हे अमुक आहे' असे छोटे वाक्य म्हणायला लावतात. नुसतेच नाव अडले की सगळे बोलणेच थांबले, हे त्यावरून कळते. इंग्रजीत त्या वाक्याचा आरंभ सर्व वस्तूंना सारखा. उर्दूत, दखनीत 'ये'. तेलुगूत 'इदि', कानडीत 'इदु', वस्तू कोणतीही असो. मराठीत मात्र तोंड उघडण्याआधी लिंग ठरवावे लागते. हा आंबा, ही चिंच, हे बोर. शब्द जिभेवर येण्यापूर्वी त्याचे लिंग हाताशी लागावे लागते. इटालियनमध्ये असा एक रुग्ण १९९५ मध्ये अभ्यासला गेला, ज्याला शब्द सापडत नसे पण त्याचे लिंग अचूक सांगता येई. मराठी रुग्ण 'ही...' म्हणून अडला आणि चित्र चिंचेचे असेल, तर शब्दाच्या घराची ओसरी त्याला सापडली आहे, आतले दार अडले आहे. 'हा... ही... हे...' असे चाचपडू लागला तर बिघाड आणखी अलीकडे आहे. एवढी बारीक माहिती भाषा फुकट देते, ती घ्यायला समोर मराठी कान हवा.

मामांकडे परत जातो. रिबोच्या नियमाने त्यांची मराठी टिकायला हवी होती, ती आईच्या मांडीवरची. पित्रच्या नियमानेही, कारण शेवटची तीस वर्षे घर आणि कचेरी दोन्ही मराठीतच. टिकली ती शाळेत छडी खाऊन शिकलेली उर्दू. माँट्रियलच्या मिशेल पॅरादी यांनी, ज्यांनी १९८७ मध्ये द्विभाषी वाचाविकाराची मोठी चाचणी तयार केली, याचे एक उत्तर सुचवले आहे. मातृभाषा आपण चालण्या-पोहण्यासारखी नकळत शिकतो, शाळेतली भाषा नियम पाठ करून. मेंदूत या दोन स्मरणांच्या वाटा वेगळ्या आहेत, म्हणून एका घावाने एक जाते आणि दुसरी उरते. मामांची गाठ नेमकी कुठवर गेली होती, त्याचे चित्र आज माझ्याजवळ नाही, म्हणून मी याहून पुढे जात नाही. हरिपाठाचे मात्र कोडे नाही. १७४५ मध्ये स्वीडनच्या ओलोफ दालिनने असा माणूस नोंदला आहे, जो बोलू शकत नव्हता पण चर्चमधली स्तोत्रे गात होता. पाठ झालेले आणि सुरात बसलेले वेगळ्या वाटेने येते.

मामा नंतर सहा वर्षे जगले. भाषाउपचार वगैरे काही मिळाले नाहीत. लातुरात तेव्हा ते कुणाला माहीतही नव्हते. आईने स्वतःच्या पद्धतीने त्यांना शिकवले. रोज दुपारी परसातले, बाजारातले काहीबाही पुढे ठेवायची आणि नाव सांगायला लावायची. एकदा तिने जांब ठेवला. मामा बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'जाम.'

दखनीत पेरूला जाम म्हणतात. आईने तो कापला, मीठ लावले आणि त्यांच्या हातावर एक फोड ठेवत म्हणाली, 'जांब. हा जांब.' मामांनी 'हा' म्हटले आणि थांबले. त्या दिवशी तेवढेच झाले.